मदत हवी आहे: निरीक्षणगृहातून आलेल्या भाच्याला डॉक्टरकडे नेलं तर केसवर परिणाम होईल का?

मोटारवाला_मामा

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मुलाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

माझा भाचा. सोळा पूर्ण, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पहिल्या वर्षाला. वडील दारूपायी गेले त्याला चार वर्षं झाली. होते तोवर ताईला मारायचे, आणि पोरगं मधे पडलं की त्यालाही. ताई दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जाते, म्हणून तो सातवीपासून माझ्याकडेच आहे. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे.

दिवाळीनंतर पोरांच्या दोन गटांत मारामारी झाली. एकाचं डोकं फुटलं, हात मोडला. भाचा त्या घोळक्यात होता. त्यानं मारलं की नाही ते बाल न्याय मंडळासमोर ठरेल, मी इथे त्याची बाजू मांडायला आलेलो नाही. ज्याला लागलं त्या पोराच्या घरी मी दोनदा जाऊन आलोय.

भाचा निरीक्षणगृहात, म्हणजे केस चालू असलेल्या अठराच्या आतल्या पोरांना ठेवतात तिथे, 41 दिवस होता. जामिनाला आईच लागते असं मला एकानं सांगितलं. ताई कारखान्यावर, उचल घेतलेली, मुकादम सोडेना. मामाही चालतो हे फार उशिरा कळलं. गल्लीत लोक म्हणतात, निबंध लिहायचा आणि सुटायचं. 2024 च्या मे महिन्यात कल्याणीनगरला गाडीखाली दोन जीव गेले आणि त्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, 300 शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर. तेव्हापासून सगळ्यांना वाटतं अठराच्या आतल्या पोरांना काही होतच नाही. आमच्या पोराचे 41 दिवस त्यांनी पाहिले नाहीत.

आता मूळ गोष्ट. सुटून सात आठवडे झाले. वाइंडिंग करताना फेरे मनात मोजावे लागतात, फेरे चुकले की मोटार गरम होते. हा पोरगा माझ्याशी गप्पा मारत मारत साठ-सत्तर फेरे बिनचूक घालायचा. आता दुकानासमोर बुलेट थांबली की त्याचा हात थांबतो, आकडा जातो, मग सगळी तार उलगडून पुन्हा एकपासून. परवा एकच कॉइल चार वेळा उलगडली. तारेवरचं वार्निश खरवडून निघालं. मी काही बोललो नाही, तार बाजूला ठेवली.

रात्री भिंतीला पाठ लावून झोपतो, चपला उशाखाली ठेवून. दोन-अडीचला दचकून उठतो आणि मग उजाडेपर्यंत बसून. ताट घेऊन कोपऱ्यात जातो, पाच मिनिटांत जेवण संपवतो. संध्याकाळी मामी स्वयंपाकाला लागली की अंगणात निघून जातो. माझा धाकटा मागून गळ्यात पडला तर त्याला इतक्या जोरात ढकललं की पोरगं उंबऱ्यावर आपटलं. मग स्वतःच थरथरत बसला. मी विचारायला गेलो तर एवढंच म्हणाला, "तिथलं विचारू नको, मामा."

मला त्याला डॉक्टरला दाखवायचंय. पण तारखेला गेलो तेव्हा बाहेर एक जण म्हणाला, मानसिक आजाराचा कागद करू नका, मोठा समजून केस चालवतील, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे. खरं काय? आणि आयटीआयमध्ये मी टायफॉइड झाला होता असं सांगितलंय, ते आता फिटनेस सर्टिफिकेट मागतायत. तिथे काय सांगू?

पारिजात_के

दादा, बाकीचं नंतर. तुम्ही तालुक्याचं नाव लिहिलंय आणि आयटीआय तिथे एकच आहे. कृपया लगेच काढा. मुलाची ओळख पटेल असं काहीही छापू नये असं बाल न्याय कायद्याचं कलम 74 सांगतं. ते वर्तमानपत्रांना आहे तसंच आपल्यालाही लागू आहे.

मोटारवाला_मामा

काढलं. मनापासून आभार ताई. लक्षातच आलं नाही.

वकील_लातूरकर

मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर काम करतो, त्यामुळे अशी बरीच मुलं पाहिली आहेत. तुम्हाला बाहेर जे सांगितलं ते चुकीचं आहे, आणि अशा सांगण्यापायी मुलं उपचाराविना राहतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"मोठा समजून केस चालवणं" याआधी बाल न्याय कायद्याच्या कलम 15 खालची प्राथमिक तपासणी व्हावी लागते. ती फक्त मुलाला सोळा पूर्ण झाली असतील आणि गुन्हा निर्घृण वर्गातला असेल तरच होते, म्हणजे ज्याला किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे असा. डोकं फुटणं, हात मोडणं यात सहसा गंभीर दुखापतीची कलमं लागतात आणि ती त्या वर्गात येत नाहीत. तरीही एफआयआरची प्रत घेऊन कलमं वकिलांकडून एकदा तपासून घ्या. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांना वकील मोफत मिळतो. 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवरही विचारता येईल.

डॉक्टरांचा कागद तुमच्या विरोधात जात नाही. उलट परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरची चौकशी करून त्याच्यावर लक्ष ठेवणारे अधिकारी) जो सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला देतात, त्यात मुलाच्या घरची परिस्थिती, वडिलांची मारहाण, आत्ताची प्रकृती हे सगळं यायलाच हवं. तुमचा अहवाल कदाचित आधीच गेला असेल. मग वकिलांमार्फत एक साधा अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचा कागद जोडा आणि पुढचं समुपदेशन कुठे व्हावं ते सुचवा. मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्य करणारे सदस्य असतात, त्यातली किमान एक महिला. त्यांच्यासमोर हे बोलायला घाबरू नका. मंडळासमोर आलेले अहवाल गोपनीय ठेवायचे असतात, तसं कलम 99 मध्ये लिहिलंय.

निरीक्षणगृहात त्याला कोणी मारलं असेल तर तेही मंडळाला सांगता येतं. पण ते त्याच्या तोंडून, तो तयार होईल तेव्हा. तुम्ही अंदाजाने लिहू नका.

आयटीआयला केसबद्दल काही सांगायची गरज नाही. टायफॉइडचा खोटा दाखला मात्र करू नका. मानसोपचारतज्ज्ञ "उपचार सुरू आहेत, वर्गात बसू शकतो" एवढंच लिहून देतात, आजाराचं नाव न घालता. तेवढं पुरतं. आणि कलम 24 लक्षात ठेवा: मोठा समजून केस चालली नसेल तर या कायद्याखाली निकाली निघालेल्या केसमुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची किंवा नियमात ठरलेली मुदत सरल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. त्यालाही हे सांगा. "आपली नोकरी गेली" हे या मुलांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून बसलेलं असतं.

डॉ_मनोहारी

मामा, मी मानसोपचारात काम करते. न तपासता निदान करणार नाही, पण दचकणं, झोप मोडणं, सतत पाठ राखून बसणं, आठवणी टाळणं हे महिन्याहून जास्त टिकलंय म्हणजे दाखवायलाच हवं. मोठा धक्का बसला की अंगातला धोक्याचा भोंगा सुरू होतो. काही मुलांचा तो धोका टळल्यावरही बंद होत नाही. तुमच्या भाच्याचा तर लहानपणीच सुरू झालेला असावा. घरात मार खाल्लेल्या मुलाला बाहेरचा मार दुप्पट लागतो.

यावर उपचार आहेत. आघात डोळ्यांसमोर ठेवून केलेली बोलण्याची थेरपी हा मुख्य उपचार, गरज लागली तर काही दिवस गोळ्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते, तिथून सुरुवात करा. ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती करणं नव्हे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला आम्ही बांधील आहोत. ताई त्याच्या पालक आहेत, तेव्हा त्यांचं डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून द्या, संमती लागेल. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका.

एक गोष्ट स्पष्ट विचारते, रागावू नका. जीव नकोसा झालाय असं तो कधी म्हणाला आहे का? नसेल तर तुम्ही विचारा, थेट शब्दांत. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. आणि तो काहीही म्हणो, दुकानातलं थिनर, वार्निश, घरात फवारणीचं औषध असेल तर ते, आजच कुलपात ठेवा. रात्री-अपरात्री काही वाटलं तर 14416, टेली-मानस. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

सुलभा_आई

दादा, माझा मुलगा यातून गेलाय. तीन वर्षं झाली, आता कामाला लागलाय. मी कायद्याचं काही सांगू शकत नाही, घरातलं सांगते.

तो आला तेव्हा कुकरची शिट्टी झाली की ताडकन उभा राहायचा, हात मांडीला चिकटवून. मला वाटायचं मस्करी करतोय. खूप दिवसांनी बोलला, तिथे हजेरीला शिट्टी वाजायची आणि शेवटी उभा राहणाऱ्याला मोठी मुलं रात्री बघून घ्यायची. मी कुकर बंदच केला. वर्षभर वरण पातेल्यात शिजवलं, गॅस जास्त जातो, जाऊ दे.

मागून हात लावायचा नाही, आधी नावाने हाक मारायची. उद्या काय होणार ते आदल्या रात्री सांगायचं: किती वाजता निघू, कोण सोबत असेल, किती वाजता परत. आणि चपला उशाखाली ठेवतोय तर ठेवू द्या. माझा दारात झोपायचा. एक दिवस आपोआप आत आला.

मोटारवाला_मामा

सुलभाताई, तुमचं वाचून मी तसाच उठून स्वयंपाकघरात गेलो. मामीला विचारलं, तो अंगणात नेमका कधी जातो. म्हणाली, कुकर गॅसवर चढवला की. आम्ही दोघं समजत होतो त्याला भूक नाही.

डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसं काल दुकान बंद करताना विचारलं. माझीच जीभ जड झाली होती. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तिथे असताना दोनदा वाटलं होतं, आता नाही वाटत. मी फक्त बरं केलंस सांगितलंस म्हणालो. थिनरचे डबे कपाटात घालून किल्ली माझ्याकडे घेतली आहे.

ताईला फोन केला, ती तयार आहे. जिल्हा रुग्णालयात गुरुवारी जायचं ठरवतोय. त्याला काय सांगून नेऊ? मामी म्हणते, अशक्तपणाची तपासणी म्हणून सांगा.

डॉ_मनोहारी

नको. तपासणी म्हणून नेलंत आणि तिथे पाटी वाचली, की पुन्हा फसवून कुठेतरी नेलं असंच त्याला वाटेल. झोप मोडते त्यासाठी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जातोय म्हणा, ते खरंही आहे. तिथलं काही सांगायची जबरदस्ती नाही हेही आधीच सांगा. आणि आत एकटं जायचं की तुम्हाला घेऊन, हे त्याला ठरवू द्या.

मोटारवाला_मामा

सांगितलं. बाहेर थांब म्हणाला, पण दार उघडं दिसेल असं बस. गुरुवारी दुकान बंद ठेवतोय. सकाळी साडेसातची एसटी, दुपारी चारपर्यंत परत. तेही सांगून ठेवलंय.