भावाबहिणीला एकाच घरात ठेवणारं कुटुंब गावात मिळेल का?

अंगणवाडीताई, दारव्हा तालुका

नमस्कार. आमच्या गावातली दोन लेकरं आहेत. मुलगी चौथीत, तिचा भाऊ सातवीत. बाप आधीच गेला, माय यंदा पोळ्याच्या आधी आजारानं गेली. घरी फक्त आजी, तिला धड दिसत नाही. चूल पेटवते ती मुलगी. सकाळी भाकरी टाकून शाळेत येते, नखात पीठ तसंच राहते.

त्यांचे मोठे बाबा, म्हणजे बापाचे मोठे भाऊ, न्यायला तयार आहेत, पण फक्त मुलाला. मागच्या हंगामात शाळा बुडवून त्याला कापूस वेचायला लावला, हे साऱ्या गावानं पाहिलं. प्रकरण बाल कल्याण समितीकडे गेलं तर बालगृहाची वाट दिसते. आणि मुलांचं बालगृह वेगळं, मुलींचं वेगळं. मायबाप गेले, आता भाऊबहीणही तोडायचे का?

मी बऱ्याच घरी बोलून पाहिलं. एका ठिकाणी म्हणाले, "पोरगा देत असाल तर नावावर करून द्या, पोरगी नको." दुसरीकडे आधी जात विचारली. तिसऱ्या घरची बाई मनानं तयार होती, पण सासू म्हणे, "पोरगी वयात आली की जबाबदारी कोणाची?" हेच लोक कोणाच्या घरी मयत झाली तर दोन वेळचा डबा पोचवतात, म्हणून त्यांना वाईट म्हणवत नाही. पण मूल एकतर कायमचं आपलं पाहिजे, नाहीतर नकोच. त्याची आजी, त्याचं वावर, त्याचं आडनाव तसंच ठेवून काही वर्षं सांभाळायचं, हे त्यांच्या गळी कसं उतरवू? आणि कायद्यात काय आहे?

माजी समुपदेशक, अमरावती

ताई, आजी खंबीर असती तर बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये मिळवून लेकरं तिच्याकडेच ठेवा म्हटलं असतं. आपलं घर हेच पहिलं. पण नऊ-दहा वर्षांची पोर घर चालवते आहे म्हटल्यावर तेवढ्यानं भागणार नाही.

तुम्ही म्हणता ती सोय म्हणजे फॉस्टर केअर, सरकारी भाषेत प्रतिपालकत्व. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ४४ पाहा. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं असं त्यातच लिहिलं आहे, समितीपुढे हे ठासून मांडा. मूल दत्तक जात नाही, समितीच्या आदेशानं त्या घरी राहते. दर महिन्याला घराची पाहणी होते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून प्रत्येक मुलामागे महिना ४,००० रुपये मिळतात. पैशाचं शेवटी सांगा. आधी पैसा सांगितला की भलतेच लोक दारात येतात.

आणि "तुम्ही मूल ठेवता का?" असं विचारू नका. त्या सासूबाईंना सांगा की जबाबदारी एकट्या तुमची नाही. समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि ताई स्वतः पाठीशी आहेत. त्यांची भीती खरी आहे, तिला खरं उत्तर द्या.

दिग्रसची वाचक

मी भावाची मुलगी वाढवली, तेव्हा कोणती योजना माहीत नव्हती. पहिले कितीतरी दिवस ती पोळी दप्तरात लपवून ठेवायची. रागावले नाही, उशाशी डबाच ठेवून दिला. एक दिवस डबा तसाच भरलेला सापडला, तेव्हा समजलं की आता हिला उद्याची भीती नाही. ज्या घरी जाल तिथं हे सांगा ताई, लेकरू लगेच माया लावत नाही. मी विधवा आहे, मला घेता येईल का?

माजी समुपदेशक, अमरावती

येईल. फॉस्टर केअरबद्दलच्या केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या बाईला मुलगा-मुलगी दोन्ही सांभाळता येतात. एकट्या पुरुषाला मात्र मुलगाच.

निवृत्त तलाठी, वाशिम

मोठे बाबा फक्त मुलगा मागतात, तिथं वावराचं पाणी मुरते. पहिले फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावबदलाची नोंद पाहा. बापाचे वारस म्हणून मुलगी आणि मुलगा, दोघांचीही नावं सातबाऱ्यावर चढली पाहिजेत. मुलीचं नाव गाळलं असेल तर आताच तक्रार करा. सांभाळतो म्हणून चुलत्याला अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांची जमीन विकता येत नाही, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ११ आहे. सांभाळणाऱ्या कुटुंबालाही हेच लागू, ते आधीच सांगा. वावर मक्त्यानं देण्याआधी समितीला आणि वकिलाला विचारा, पैसा लेकरांच्या खात्यात गेला पाहिजे.

अंगणवाडीताई, दारव्हा तालुका

सगळ्यांचे आभार. सातबारा काढला, मुलीचं नाव नाही. उद्या तलाठी कार्यालयात जाते. आजीला विचारलं, ती म्हणाली, "कोठंबी राहू द्या, पण दोघं संगं."

त्या सासूबाईंकडे परत जाणार आहे, या खेपेस सरपंचबाई आणि मुलांचे गुरुजी सोबत. दिग्रसच्या ताई, तुम्हाला निरोप पाठवला आहे. दारव्हा-दिग्रस पट्ट्यात आणखी कोणी दोघांनाही घ्यायला तयार असेल तर मला लिहा. शाळा बदलावी लागली तर दाखल्याचं मी पाहते.