काळ-काम-वेगाची गणितं ऑप्शनवरून काढता येतात का?

सातारी_कंदी: पोलीस भरतीची तयारी चाललीय, ग्राउंड ओके आहे पण पेपरला ९० मिनिटांत १०० प्रश्न म्हटल्यावर काळ-काम आलं की हात गार पडतात. अ १२ दिवसात, ब १८ दिवसात, दोघं मिळून किती? ऑप्शन १५, ९.५, ७.२, ५.५. शॉर्टकट सांगा ना कुणीतरी.

कृष्णाकाठ: भावा, आधी ऑप्शन उडव. दोघंही १२ वाले असते तर ६ दिवस, दोघंही १८ वाले असते तर ९, म्हणजे उत्तर ६ ते ९ च्या मधेच पायजे. राहिलं काय, ७.२! पेन उचलायचीपण गरज नाही. दोन ऑप्शन मधे बसले तर मात्र लसावि घे, ३६ काम धर, रोजचं ३ आणि २, ३६ भागिले ५.

हळद_मार्केट: सरासरी वेगाला जपून रे. सांगली ते सातारा ४० नं गेलो, ६० नं परत आलो तर ५० नाय येत, ४८ येतं (गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज), आणि ५० हमखास ऑप्शनला ठेवलेलं असतंय. पण हे अंतर सारखं असेल तरच, वेळ सारखा दिला असेल तर ५० च बरोबर. क्लासवाले सूत्र देतात, ही अट कुणी सांगत नाय.

सातारी_कंदी: आणि रेल्वेची?

कृष्णाकाठ: ताशी किमीतला वेग ५/१८ नं गुण. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर. पूल असला तर गाडीची लांबीपण मिळव.