हवाई अंतर, पल्ला, उड्डाणाचा वेळ – कुठला शब्द कशाला वापरायचा?

बातम्यांमध्ये 'मुंबई-नागपूर अंतर' असं सरसकट छापतात आणि आकडा दरवेळी वेगळा. रेल्वेने साधारण ८४० किमी पडतं कारण गाडी कसारा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा करत जाते, समृद्धी ७०१ किमी पण ती मोजायची आमणेपासून, मुंबईतून भिवंडीपलीकडे पोचायचे किमी त्यात नाहीतच, आणि विमानाचं म्हणाल तर ६८० च्या आसपास. तिन्हीला अंतरच म्हणायचं का?

कोथरूडकर: नाही, माझ्या मते अंतर हे दोन गावांमधलं, रस्ता बदलला म्हणून ते बदलत नाही. गाडी जो कापते तो पल्ला. लांब पल्ल्याची गाडी म्हणतो ना आपण, लांब अंतराची कुणीच म्हणत नाही. रेल्वेचे ८४० लिहायचे तर 'रेल्वेने ८४० किमी' असं मार्गासकट लिहावं, मग वाद उरत नाही.

वऱ्हाडी: पल्ला शब्द छान आहे पण विमानाला जपून लावा. तोफेचा पल्ला, क्षेपणास्त्राचा पल्ला म्हणजे जास्तीत जास्त कुठवर पोचतं ते. 'विमानाचा पल्ला ६८० किमी' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटणार की ते एवढंच उडू शकतं. तिथे हवाई अंतरच बरं.

नकाशावेडा: हवाई अंतर म्हणजेसुद्धा विमान प्रत्यक्ष उडतं तेवढं नव्हे हां. ग्लोबवर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की जो सगळ्यात जवळचा मार्ग मिळतो तो, सपाट नकाशावर लांबचे असे मार्ग बहुतेक वाकडे दिसतात. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं, मग वळतं, ठरलेल्या मार्गाला लागतं, त्यामुळे थोडं जास्तच होतं. आणि वैमानिक मोजतात सागरी मैलात, १.८५२ किमीचा एक, साधा मैल १.६०९ चा. म्हणून अनुवाद करताना नुसतं 'मैल' लिहू नका, कळकळीची विनंती आहे.

कोथरूडकर: आणि वेळेचं काय? मुंबई-नागपूर तिकिटावर दीड तास असतो, आकाशात मात्र जेमतेम सव्वा तास.

नकाशावेडा: तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा. विमानतळावरचे लोक त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, कारण तो चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंत धरायचा. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरायला जागा नसेल तर घिरट्या, सगळं त्यात आलं. याला 'प्रवासाचा वेळ' म्हणा आणि चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा तो 'उड्डाणाचा वेळ'. शिवाय जातानाचा आणि येतानाचा सारखा नसतो, मुंबईहून लंडनला जाताना वरचा पश्चिमेचा वारा समोरून येतो म्हणून परतीपेक्षा बरेचदा तासभर जास्त लागतो, अंतर तेच असून.

वऱ्हाडी: दुबईच्या तिकिटात तर अजून घोळ होतो. निघायची वेळ आपली, पोचायची तिथली, दीड तासाचा फरक. नुसती वजाबाकी केली तर सव्वातीन तासांचा प्रवास पावणेदोन तासांचा वाटतो.

कोथरूडकर: बोलताना आपण 'नागपूर दीड तासावर' म्हणतोच, जसं 'दोन कोसावर', त्यात काही वावगं नाही. छापताना मात्र आकडा कशाने जाण्याचा ते शेजारी हवंच, आणि वेळ असेल तर जातानाचा की येतानाचा तेही.