मदत हवी आहे: नव्या लॅपटॉपची विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होत नाही

वैतागलेला: जाणकारांनो, लवकर सांगा. लॅपटॉप घेऊन चार महिने झाले, विंडोज त्यातच आलेली. आता म्हणते अ‍ॅक्टिव्हेट करा. पेनड्राइव्हवरून पुन्हा टाकली, तरी ढिम्म. खोक्यावर प्रॉडक्ट की, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेट करायचा क्रमांक, छापलेली नाही. एकच वस्तू दोनदा विकत घ्यायची का?

शंकेखोर: विंडोजची आवृत्ती होम का प्रो? आधी कुठली होती, आता कुठली टाकलीत?

निवांत: खोक्यावर शोधू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, बहुतेक लॅपटॉपची की मदरबोर्डच्या (मुख्य सर्किट बोर्डाच्या) फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डातच भरलेल्या प्रोग्राममध्ये असते.

वैतागलेला: होमच होती, होमच टाकली. पुढे?

जुना_पेंग्विन: विंडोज सोडा, लिनक्स टाका, सुटाल. न मागितलेली विंडोज गळ्यात मारतातच कशी म्हणतो मी!

निवांत: पेंग्विनराव, युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितलंय, आधीपासून सॉफ्टवेअर घालून संगणक विकणं तेवढ्यावरून अनुचित ठरत नाही. असो, अवांतर झालं. वैतागलेले, यंत्रात काही बदललंत का?

वैतागलेला: नाही हो. फक्त मदरबोर्ड.

शंकेखोर: फक्त!!

निवांत: मग हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. यंत्राबरोबर आलेला ओईएम परवाना त्या यंत्रापुरताच, आणि बोर्ड बदलला की विंडोजला ते नवीन यंत्र वाटतं. बिघाड म्हणून कंपनीनेच बदलला असेल तर परवाना टिकतो. कुणी बदलला?

वैतागलेला: कंपनीच्याच माणसाने, वॉरंटीत. त्याचा काय संबंध ते तरी मला कुठे माहीत!

चटपटीत: कशाला एवढा व्याप? नेटवर स्वस्तात की मिळते. माझी चालतेय.

शंकेखोर: चालतेय तोवर चालतेय. त्या पुष्कळदा कुणा संस्थेच्या व्हॉल्यूम (अनेक यंत्रांसाठीच्या एकगठ्ठा) परवान्यातल्या असतात, रद्द झाल्या की बसा.

चटपटीत: बरं, मग विंडोजच्या सेटिंग्जमधला अ‍ॅक्टिव्हेशनचा ट्रबलशूटर चालवा, 'अलीकडेच हार्डवेअर बदललं' निवडा. मायक्रोसॉफ्ट खातं जोडलेलं हवं.

निवांत: करून बघा, पण ओईएमला ते दरवेळी लागू पडत नाही.

हौशी: माझा लॅपटॉप फार तापतो. फॅन बदलू का?

वैतागलेला: खातं जोडलंच नव्हतं. सर्व्हिसवाला म्हणतो, सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही.

निवांत: 'सॉफ्टवेअर' हा शब्दच काढू नका. 'बदललेल्या बोर्डात ओईएम की भरलेली नाही' असं लेखी कळवा, जॉबशीटची, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदाची, प्रत जोडा.

वैतागलेला: तो पिवळा कागद? फेकला बहुतेक. थांबा, बघतो.

हौशी: आणि फॅनचं?