लायटरच्या सॉकेटवरून सेट चालवणं

भाऊ, इतक्या वर्षांनी सीबी सेट (सिटिझन्स बँड, म्हणजे थोड्या अंतरावर बोलायचा रेडिओ) पुन्हा बाहेर काढताय, झकास! पण गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज नको. 4 वॅटच्या सेटला लागणारे 2 अँपिअर सॉकेट सहज देतं, पण तिथला संपर्क सैल आणि इंजिनची शिट्टी थेट स्पीकरमध्ये. दोन्ही तारा बॅटरीवरूनच आणा, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. म्हणजे तार मधेच घासली तरी फ्यूज उडतो, आग लागत नाही. अन् आपल्या जळगावच्या मे महिन्यात सेट डॅशबोर्डवर ठेवू नका.

सेट अमेरिकी 40 चॅनेलचा असेल तर 28 पासून पुढचे चॅनेल विसरा. आपल्याकडचा परवानामुक्त पट्टा 27.283 मेगाहर्ट्झला संपतो. जळगावहून धुळ्याकडे निघालात तर वाटेतल्या एरंडोलच्या बऱ्याच आधी जळगावातल्या सेटचा आवाज गेलेला असेल, तेवढं गृहीत धरा.