मदत हवी आहे: खडिनातलं पाणी पेरणीपर्यंत ओसरत नाही

बांधबंदिस्ती: जैसलमेर जिल्ह्यातला एक जुना खडीन (पावसाचं पाणी बांधाने अडवून त्या ओलीवर पिकवायचं शेत) दुरुस्त करायचा आहे. पाणलोट 30 हेक्टर, सगळा खडकाळ. बांधाआतलं शेत 2 हेक्टर. मातीचा बांध 2 मीटर उंच, सांडवा शाबूत. ऑक्टोबरअखेर बांधाशी 60 सेंमी पाणी असतं, जवळजवळ 1 हेक्टर बुडालेलं. गहू-हरभऱ्याची पेरणी लांबते, बांधालगत रोपं पिवळी पडतात, जमिनीवर पांढरा थर येतो. गावकरी बांध अर्धा मीटर वाढवा म्हणतात. वाढवावा का?

चुनखडी: अजिबात नको. पाणलोट शेताच्या 15 पट आहे, पाण्याला तोटा नाही. 50 मिमीच्या एका पावसातलं 30 टक्के वाहून आलं तरी 4,500 घनमीटर, म्हणजे अख्ख्या शेतावर 22 सेंमी. पालीवाल ब्राह्मणांनी 15व्या शतकापासून बांधलेले खडीन पाणी जमिनीला पाजण्यासाठी आहेत; उरलेलं मोरीतून, म्हणजे बांधाच्या तळाशी पाणी सोडायला ठेवलेल्या वाटेतून, सोडून त्या ओलीवर रब्बी घ्यायची. तुमच्या वर्णनात मोरीच नाही! बांधाच्या सर्वांत खोल जागी आतून खणून पाहा, बहुधा गाळाखाली गेली असेल. नुसत्या उन्हावर रोज 5-6 मिमी उडतं, 60 सेंमीला सव्वातीन ते चार महिने लागतील. शिवाय उडणारं पाणी क्षार मागे ठेवतं, पांढरा थर त्याचाच. बांधाखाली जुनी विहीर असेल तर तीही उपसा. पाझर तिकडे ओढला गेला की क्षार मुळांखाली उतरतात.

माळकरी: मोरी नाहीच सापडली तर सहा इंची पाइप टाका. सेकंदाला 20-25 लिटर जातं, तुमचे अंदाजे 3,000 घनमीटर दोन-तीन दिवसांत उतरतील. धोका वेगळाच: पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढतं आणि बांध आतून पोखरतो. म्हणून पाइपाला काँक्रीटच्या दोन कॉलर (भोवतीची जाड कडी) घाला, भोवती चिकणमाती ओलवून 15-15 सेंमीच्या थरांनी धुम्मस करा. बाहेरच्या तोंडाशी दगड लावा, नाहीतर तिथे खड्डा पडेल.

बांधबंदिस्ती: मोरी उघडायची कधी?

चुनखडी: तारखेवर जाऊ नका. पाण्याच्या काठाशी 10 मिमीची सळई हाताने दाबा. ओल असेल तिथवर सरकते, कोरड्याला अडते. मीटरभर गेली की उघडा. वरच्या अंगाला वाफसा (पेरणीजोगी ओल) आधी येतो, तिथून पेरत खाली या. सगळं शेत एकदम पेरायची वाट पाहिली तर वरची ओल उडते.