पुरात भिजलेल्या लाकडी तक्त्यावरील जुने चित्र कसे वाचवावे? मदत हवी आहे

नमस्कार. जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आमच्या शाहूपुरीतील घरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे दत्तात्रेयांचे एक जुने चित्र पूर्ण बुडाले होते. दोन फळ्या जोडून केलेल्या तक्त्यावर खडू आणि सरसाचा पांढरा थर देऊन ते तैलरंगात काढलेले आहे. सही नाही, पण पायाशी बसलेल्या एका श्वानाच्या डोळ्यातला पांढऱ्या रंगाचा एवढासा ठिपका पाहिला, तरी काढणारा हात कसलेला होता हे कळते.

तक्ता आम्ही सावलीतच वाळवला. तरीही फुगलेले लाकूड वाळताना रुंदीत आकसले, आणि रंगाचा थर तेवढा आकसू शकत नसल्यामुळे तो लाकडाच्या रेषांना समांतर, घराच्या पाख्यांसारखा वर उचलला गेला. खाली पोकळी आहे. बोट लागले तरी टवका निघेल. सांधाही उघडला आहे, आणि अलीकडे मागच्या बारीक छिद्रांतून पिठासारखा भुसा पडतो आहे.

ओळखीचे सुतारकाका म्हणतात की, मागून आडव्या पट्ट्या स्क्रूने आवळाव्यात आणि सांध्यात फेविकॉल भरावा. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगणार आणि चैत्र-वैशाखात आकसणार. त्याला हलायला जागाच ठेवली नाही, तर ते दुसरीकडे तडकेल. युरोपात पूर्वी तक्ते सपाट राहावेत म्हणून मागे घट्ट चौकटी बसवत, त्यांमुळेच कितीतरी चित्रांना नवे तडे गेले. मात्र फ्लॉरेन्सच्या १९६६ च्या पुरात बारा तासांहून अधिक काळ बुडालेले, पाच तक्त्यांवरचे इटालियन चित्रकार वसारीचे 'अखेरचे भोजन' २०१६ मध्ये पुन्हा लोकांसमोर आले, त्यामुळे आशा सोडवत नाही.

जाणकारांना विनंती आहे की, पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे. उचललेला रंग बसवण्यापूर्वी त्यावर जपानी कागद (पातळ पण चिवट कागद) चिकटवून आधार देतात. कोल्हापूरच्या दमट हवेत त्यासाठी सरसासारखा प्राणिज डिंक बुरशी न धरता टिकेल, की पॅरालॉइड बी-७२ ही कृत्रिम (ॲक्रिलिक) राळ बरी? कीड मारण्यासाठी द्रवरूप औषध रंगाला बाधेल अशी भीती वाटते. ऑक्सिजन काढून घेतलेल्या बंद पिशवीत वस्तू काही आठवडे ठेवण्याची सोय महाराष्ट्रात कुठे आहे का? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील कलाजतन केंद्राकडे कोणी घरचे चित्र सोपवले असल्यास तो अनुभव कृपया सांगावा. आणि तिथवर न्यायचे झाले, तर रंग आधी इथेच बसवून घ्यावा, की तक्ता उताणा ठेवून आहे तसाच न्यावा?